गरोदरपणात डोक्यात अचानक ‘फुटल्यासारखं’ दुखलं तर? पहिल्या सहा तासांत तुमचा फोन काय करू शकतो

एरवी मी इथे बॅटरी लवकर का उतरते, स्टोरेज कसं रिकामं करायचं, कोणता फोन घ्यावा असल्या विषयांवर लिहितो. आजचा विषय वेगळा आहे, पण त्यातही फोनचं काम मोठं आहे.

माझी धाकटी बहीण सातव्या महिन्यात आहे आणि बाळंतपणासाठी देवबागला माहेरी आली आहे. देवबाग ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे: एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मध्ये चिंचोळी पट्टी आणि तारकर्लीकडून येणारा एकच रस्ता. तिथे रात्री दोन वाजता काही झालं तर पहिला आधार फोनचाच. तिच्या फोनमध्ये कोणत्या सेटिंग्ज करून ठेवाव्यात याचा विचार करताना मी गरोदरपणातल्या तातडीच्या प्रसंगांबद्दल बरंच वाचलं. त्यात एक प्रसंग असा निघाला की जो फार क्वचित घडतो, पण घडलाच तर तासातासाचा हिशोब लागतो. तो म्हणजे मेंदूतल्या रक्तवाहिनीवरचा फुगा फुटणं. डॉक्टर त्याला अ‍ॅन्युरिझम फुटणं म्हणतात.

मी डॉक्टर नाही. औषध कोणतं, ऑपरेशन कधी, हे ठरवणं डॉक्टरांचं काम. पण घरातून रुग्णालयापर्यंत पोचेपर्यंतचे निर्णय घरातली माणसं घेतात, आणि बऱ्याचदा हातात फोन असलेली तरुण मुलं घेतात. हा लेख त्यांच्यासाठी.

आधी समजून घेऊ: हा फुगा म्हणजे काय?

आंब्याच्या बागेत पाणी द्यायला मोटारपंपाची जुनी पाइप वापरतात. पाइपला जिथे फाटा फुटतो तिथे ती कधीकधी कमकुवत होते आणि पाण्याच्या दाबाने फुगवटा येतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या रक्तवाहिन्यांचंही तसंच होतं. जिथे एका वाहिनीच्या दोन होतात तिथली भिंत पातळ पडते आणि छोटा फुगा तयार होतो. जगभरच्या अभ्यासांचा अंदाज धरला तर साधारण १०० पैकी ३ प्रौढांच्या डोक्यात असा फुगा असतो. यातल्या बहुतेकांना तो आयुष्यभर त्रास देत नाही आणि त्यांना कळतही नाही.

काहींचा मात्र फुटतो. रक्त मेंदूच्या भोवतीच्या पाण्यात पसरतं आणि कवटीच्या आतला दाब एकदम वाढतो. धूम्रपान आणि वाढलेलं ब्लड प्रेशर हे धोका वाढवणारे दोन ओळखीचे घटक. सख्ख्या नात्यात दोघांना किंवा जास्त जणांना हा आजार झालेला असेल तरी डॉक्टरांना आधीच सांगून ठेवावं.

मग गरोदरपणात हा धोका वाढतो का? शरीरातलं रक्ताचं प्रमाण गरोदरपणात ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, त्यामुळे पूर्वी तसं मानलं जायचं. पण २०१३ साली अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या मोठ्या नोंदी तपासून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ज्या बायकांना असा फुगा आहे त्यांच्यात तो गरोदरपणात फुटण्याचा धोका सुमारे १.४ टक्के आणि प्रत्यक्ष प्रसूतीच्या वेळी ०.०५ टक्के निघाला. म्हणजे गरोदरपणामुळे तो फुटतोच असं दिसत नाही. एकूण गरोदर बायकांचा विचार केला तर लाखामागे मोजक्याच जणींना हे होतं. त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. ओळखता मात्र यायला हवं.

साधं डोकं दुखणं आणि ‘हे’ दुखणं यात फरक काय?

गरोदरपणात डोकं दुखणं अगदी सामान्य आहे. झोप कमी, पाणी कमी, ऊन, मायग्रेन अशी दहा कारणं असतात. फुगा फुटल्यावर होणारं दुखणं वेगळं असतं, आणि ते ओळखायची खूण म्हणजे वेग. साधं दुखणं हळूहळू चढतं. हे दुखणं काही सेकंदांत, फार तर मिनिटभरात टोकाला पोचतं. वीज कडाडावी तसं. आमच्याकडे बाई म्हणेल, ‘डोक्यात कायतरी फुटला गो!’ हे वाक्य कुणी बोललं तर ते अक्षरशः खरं धरा.

सोबत यातलं काही दिसलं तर शंका आणखी पक्की करा:

- उलटी, मान ताठ होणं, उजेड सहन न होणं
- झोपाळल्यासारखं होणं, बोलण्यात गोंधळ, शुद्ध हरपणं
- झटके, म्हणजे फिट येणं
- एका डोळ्याची पापणी अचानक खाली येणं, एकाचं दोन दिसणं
- एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं

काही जणींना मोठ्या स्फोटाच्या काही दिवस किंवा आठवडे आधी एक छोटी गळती होते. तेव्हाही दुखणं असंच अचानक येतं, पण नंतर कमी होतं. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून ते सोडून देऊ नका.

अशीच लक्षणं देणारे दुसरे आजारही गरोदरपणात आहेत. ब्लड प्रेशर वाढून फिट येणं, म्हणजे एक्लॅम्प्सिया, हा त्यातला सगळ्यात ओळखीचा. मेंदूतल्या शिरेत गाठ होणं हा दुसरा, आणि तो बाळंतपणानंतरच्या आठवड्यांतही होतो. कोणता आजार आहे हे घरी ठरवता येत नाही आणि ठरवायची गरजही नाही. यातल्या प्रत्येकाला तातडीने मोठं रुग्णालय लागतं.

सहा तासांचं गणित

आता तंत्रज्ञानाकडे येऊ, कारण वेळ का महत्त्वाची हे सीटी स्कॅन कसं चालतं त्यावरून नीट कळतं.

१९७१ साली लंडनमधल्या एका रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या मशीनने पहिल्यांदा जिवंत माणसाच्या मेंदूचा सीटी स्कॅन काढला. पुढे १९७९ साली त्यांना आणि अ‍ॅलन कॉर्मॅक यांना नोबेल मिळालं. सीटी मशीन डोक्याभोवती फिरून वेगवेगळ्या कोनांतून क्ष-किरण सोडतं, आणि कुठल्या जागी किती किरण अडले याचं गणित करून चित्र बनवतं. घट्ट वस्तू पांढरी दिसते, पाणी काळपट. ताजं, साकळलेलं रक्त मेंदूच्या पाण्यापेक्षा घट्ट असतं, म्हणून एरवी काळ्या दिसणाऱ्या फटी पांढऱ्या चमकतात. तेवढ्यावरून निदान होतं.

पण मेंदूतलं पाणी सतत बदलत असतं. जसजसा वेळ जातो तसतसं रक्त पातळ होत जातं आणि पांढरेपणा फिका पडतो. २०११ साली कॅनडातल्या डॉक्टरांनी ३,१३२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे सगळे अचानक जोरात डोकं दुखलेले, पण शुद्धीवर असलेले प्रौढ रुग्ण होते. ज्यांचा स्कॅन सहा तासांच्या आत झाला, त्यांच्यात असा रक्तस्राव झालेले १२१ जण होते आणि सगळेच्या सगळे स्कॅनमध्ये सापडले. सहा तासांनंतर हेच प्रमाण साधारण ८६ टक्क्यांवर आलं. म्हणजे उशीर केला तर शंभरातल्या चौदा जणांचा स्कॅन ‘नॉर्मल’ दिसू शकतो, आणि मग पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासावं लागतं.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. फुटलेला फुगा तात्पुरता साकळून बंद होतो आणि परत फुटू शकतो. परत फुटण्याचा धोका पहिल्या २४ तासांत सगळ्यात जास्त असतो, आणि दुसरा स्फोट पहिल्यापेक्षा जीवघेणा ठरतो.

म्हणून दुखणं सुरू झाल्याची अचूक वेळ फोनच्या नोट्समध्ये लिहून ठेवा. डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतील.

‘पण पोटात बाळ आहे, सीटी कसा करायचा?’

याच प्रश्नावर घरोघरी वेळ जातो. कुणीतरी मोबाइलवर शोधतं, ‘रेडिएशन’ हा शब्द दिसतो, आणि घरचे म्हणतात, सकाळपर्यंत वाट बघू.

आकडे बघा. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार, आईच्या डोक्याच्या सीटीमध्ये बाळापर्यंत ०.००१ ते ०.०१ मिलिग्रे इतकंच रेडिएशन पोचतं. बाळाला इजा झाल्याचं ५० मिलिग्रेच्या खाली आढळलेलं नाही. म्हणजे जास्तीत जास्त धरलं तरी या मर्यादेच्या पाच हजारांश. जमिनीतून आणि आकाशातून येणारं नैसर्गिक रेडिएशनच गरोदरपणाच्या काळात बाळाला ०.५ ते १ मिलिग्रे मिळतं. किरणांचा झोत डोक्यावर असतो, पोट झोताच्या बाहेर असतं.

रक्तवाहिन्या स्पष्ट दिसाव्यात म्हणून आयोडीनचं औषध शिरेतून देऊन पुढचा स्कॅन करतात. गरज असेल तर तेही गरोदरपणात देता येतं. एमआरआयमध्ये वापरतात ते गॅडोलिनियम मात्र शक्यतो टाळतात. गरोदर असल्याचं आणि कितवा महिना आहे हे प्रत्येक ठिकाणी सांगा. बाकीचं डॉक्टर बघून घेतील.

लक्षात ठेवायचं ते हेच: बाळाला ऑक्सिजन आईच्या रक्तातून मिळतो. आई वाचली तर बाळ वाचण्याची शक्यता सगळ्यात जास्त. बाळाच्या काळजीपोटी आईची तपासणी थांबवली तर दोघांनाही धोका.

घरी काय करायचं, काय नाही

- १०८ लावा. आधी फोन, मग बाकीचं सगळं.
- तिला डाव्या कुशीवर झोपवा. पाच महिन्यांनंतर उताणं झोपवलं तर गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीवर पडतो आणि ब्लड प्रेशर घसरतं. कुशीवर असली तर उलटी श्वासनलिकेतही जात नाही.
- खोलीत शांतता ठेवा, उजेड कमी करा. चालवत नेऊ नका.
- पाणी, चहा, पेज काही देऊ नका. कदाचित लगेच भूल द्यावी लागेल.
- अ‍ॅस्पिरिन, ब्रुफेन किंवा घरातली कुठलीही वेदनाशामक गोळी देऊ नका. काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो.
- फिट आली तर हात-पाय दाबून धरू नका, तोंडात चमचा घालू नका. आजूबाजूच्या टणक वस्तू बाजूला करा.

घरातल्या आजीला दृष्ट काढायची असेल तर काढू दे, पण १०८ लावून झाल्यावर.

फोनची कामं: एक-एक करून

१. कॉल. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ साली ९३७ अ‍ॅम्ब्युलन्स घेऊन सुरू झाली. त्यातल्या २३३ अद्ययावत जीवरक्षक सुविधा असलेल्या होत्या. कॉल मोफत आहे. गरोदर बायकांच्या ने-आणीसाठी १०२ हा वेगळा क्रमांक आहे, पण इथे १०८ च लावा आणि वाक्य असं बोला: ‘बाई सात महिन्यांची गरोदर आहे. पावणेदोन वाजता अचानक जोरात डोकं दुखलं, उलटी झाली, आता नीट बोलत नाही.’ महिना, वेळ, लक्षण, शुद्ध. ‘डोकं दुखतंय’ एवढंच सांगितलं तर समोरच्याला गांभीर्य कळत नाही.

आपल्या सिमला रेंज नसेल आणि स्क्रीनवर ‘फक्त इमर्जन्सी कॉल’ असं दिसत असेल, तर ११२ लावून बघा. आपत्कालीन कॉल दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरूनही जाऊ शकतो.

२. ठिकाण. वाडीतल्या घरांना नंबर नसतात. ‘पिंपळाकडून खाली, मग चौथं घर’ हे अंधारात ड्रायव्हरला कळत नाही. गुगल मॅप्समध्ये निळ्या ठिपक्यावर दाबा, तिथे प्लस कोड दिसतो. हा कोड साधारण १४ बाय १४ मीटरचा चौकोन दाखवतो, म्हणजे थेट आपलं अंगण. तो आजच लिहून भिंतीवर चिकटवा, कारण रात्री घाईत शोधायला वेळ नसतो. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, ते सॅटेलाइटवरून चालतं. म्हणून आपल्या तालुक्याचा नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवला तर रेंज गेली तरी ठिपका दिसतो. आणि एका माणसाला टॉर्च घेऊन मुख्य रस्त्यावर उभं करा. याला अजून तरी अ‍ॅप नाही!

३. लॉक स्क्रीनवरची माहिती. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमध्ये ‘सेफ्टी अँड इमर्जन्सी’ शोधा. तिथे रक्तगट, अ‍ॅलर्जी, चालू औषधं आणि जवळच्या माणसांचे नंबर भरा. ‘गरोदर, प्रसूतीची अपेक्षित तारीख अमुक’ हेही टाका. आयफोनमध्ये हेल्थ अ‍ॅपमधल्या ‘मेडिकल आयडी’त हे करता येतं, लॉक असताना दिसण्याचा पर्याय चालू ठेवा. बहुतेक नव्या अँड्रॉइड फोनमध्ये पॉवर बटण पाच वेळा पटापट दाबलं की इमर्जन्सी कॉल सुरू होतो. तो पर्याय चालू आहे का ते बघा, पण चाचणी म्हणून खरा कॉल लावू नका.

४. कागद. आशाताईंनी दिलेलं माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे रिपोर्ट, रक्तगटाचा कागद, आधार आणि रेशन कार्ड यांचे स्पष्ट फोटो एका फोल्डरमध्ये ठेवा. नवरा मुंबईला असेल तर त्याच्याही फोनमध्ये तेच फोल्डर हवं. आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा १४ आकडी आभा क्रमांक असेल तर तोही लिहून ठेवा.

५. सीटीचे फोटो पाठवणं. याबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे तांत्रिक घोळ होतो.

सीटीचं एक चित्र साधारण अर्धा एमबी असतं. बारीक कापांचा स्कॅन असेल तर २५० चित्रं, म्हणजे १२५ एमबी होतात. मिळणाऱ्या फिल्मवर त्यातली निवडकच छापलेली असतात. त्या फिल्मचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की अ‍ॅप तो आणखी दाबून लहान करतं, आणि ज्या फटीत रक्ताची पुसट पांढरी रेघ होती तीच पुसली जाऊ शकते.

म्हणून सीटी सेंटरकडे सीडी किंवा ऑनलाइन लिंक मागा. तिथली मूळ फाइल सगळ्यात उत्तम. २ एमबीपीएसचं नेट असेल तरी १२५ एमबी आठ-नऊ मिनिटांत जातं, तेवढी वाट बघण्यासारखी आहे. फोटोच पाठवायचा असेल तर फ्लॅश बंद करा, फिल्म टॅबलेट किंवा लॅपटॉपच्या पांढऱ्या स्क्रीनवर ठेवून फोटो काढा, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ‘फोटो’ न निवडता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. असं केलं की दर्जा जसाच्या तसा राहतो.

फोटो फक्त डॉक्टरांना. गावच्या ग्रुपवर, स्टेटसवर टाकू नका. त्यावर बाईचं नाव आणि वय छापलेलं असतं.

एआय यात कुठे बसतं?

तुम्ही हा प्रश्न विचारणार हे मला माहीत आहे. मुंबईच्या क्युअर डॉट एआय या कंपनीच्या संशोधकांनी २०१८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. भारतातल्या सुमारे २० केंद्रांमधले ३,१३,३१८ डोक्याचे सीटी स्कॅन वापरून त्यांनी रक्तस्राव ओळखणारा प्रोग्रॅम तयार केला होता. त्याची एक परीक्षा ४९१ वेगळ्या स्कॅनवर घेतली, जे तीन रेडिओलॉजिस्टनी आधी स्वतंत्रपणे वाचले होते.

याचा उपयोग समजून घ्या. लहान शहरात रात्री रेडिओलॉजिस्ट जागेवर नसतो. स्कॅन झाल्या झाल्या असा प्रोग्रॅम ‘इथे रक्त दिसतंय’ असा इशारा देऊ शकतो आणि तो स्कॅन रांगेत वर येतो. पण अंतिम वाचन माणसाचंच. आणि तुमच्या फोनमधल्या चॅटबॉटला फिल्मचा फोटो दाखवून ‘काय झालंय?’ विचारणं म्हणजे वेळ घालवणं. त्या पाच मिनिटांत अ‍ॅम्ब्युलन्स कुडाळच्या दिशेने निघालेली असेल.

मालवणहून पुढे कुठे?

मालवणच्या ग्रामीण रुग्णालयात श्वास, ब्लड प्रेशर, फिट सांभाळणं होऊ शकतं. पुढचा टप्पा ओरोसचं जिल्हा रुग्णालय. पण फुगा बंद करायला न्यूरोसर्जन किंवा शिरेतून काम करणारा तज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग एकाच छताखाली लागतो. सिंधुदुर्गातली माणसं अशा वेळी दक्षिणेला बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला जातात, नाहीतर घाट चढून कोल्हापूर किंवा बेळगावला. पावसाळ्यात घाटात दरड कोसळते, तेव्हा रस्ता चालू आहे का हेही आधी विचारावं लागतं.

निघण्याआधी पाठवणाऱ्या डॉक्टरांना विनंती करा की त्यांनी पुढच्या रुग्णालयाला स्वतः फोन करावा. त्यातून तीन गोष्टी कळायला हव्यात: न्यूरोसर्जन आत्ता आहेत का, कॉइलिंग किंवा क्लिपिंग तिथे होतं का, लहान बाळासाठी व्हेंटिलेटर आहे का. आधी एका ठिकाणी, मग दुसऱ्या ठिकाणी असं फिरण्यात रात्र जाते.

पैशाचं आधीच बघून ठेवा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. कोणतं रुग्णालय योजनेत आहे हे १५५३८८ वर विचारता येतं, आणि रुग्णालयात आरोग्यमित्र असतात त्यांना भेटा. गोवा सरकारने जानेवारी २०१८ पासून बाहेरच्या राज्यातल्या रुग्णांना शुल्क लावलं, तेव्हा सिंधुदुर्गात त्यावरून मोठी नाराजी झाली होती. त्यामुळे बांबोळीला जायचं ठरलं तर तिथे सध्या कोणतं कार्ड चालतं हे नातेवाइकांपैकी एकाने वाटेतच फोन करून विचारावं. पैशाच्या चौकशीसाठी अ‍ॅम्ब्युलन्स मात्र थांबवू नका.

तिथे डॉक्टर काय करतात?

फुगा बंद करायचे दोन मार्ग आहेत. पहिला क्लिपिंग: कवटी उघडून फुग्याच्या मानेला छोटी धातूची क्लिप लावतात. अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी १९३७ साली हे पहिल्यांदा केलं. दुसरा कॉइलिंग: जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी मेंदूपर्यंत नेतात आणि प्लॅटिनमची केसासारखी तार फुग्यात गुंडाळून भरतात, म्हणजे तो आतून साकळतो. ग्वीदो गुलिएल्मी यांची ही तार १९९० पासून रुग्णांत वापरात आली. २००२ सालच्या एका मोठ्या चाचणीत, दोन्ही उपाय शक्य असलेल्या रुग्णांमध्ये, वर्षभरानंतर मृत्यू किंवा परावलंबित्व कॉइलिंगनंतर २३.७ टक्के आणि क्लिपिंगनंतर ३०.६ टक्के होतं. ती चाचणी गरोदर बायकांसाठी नव्हती, आणि फुग्याचा आकार-जागा बघून काही वेळा क्लिपच योग्य ठरते.

गरोदर बाईत हे करायचं का, हा वाद जुना आहे. १९९० साली १५४ रुग्णांच्या नोंदी एकत्र करून एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात फुगा फुटलेल्या ज्या बायकांचं ऑपरेशन झालं त्यांच्यात आईचा मृत्यू ११ टक्के होता, आणि ऑपरेशन न झालेल्यांत ६३ टक्के. बाळांच्या बाबतीत हेच आकडे ५ आणि २७ टक्के होते. हा जुन्या नोंदींचा आढावा आहे, त्यामुळे आकडे जसेच्या तसे आज लावता येत नाहीत. पण दिशा तीच राहिली: गरोदर आहे म्हणून फुग्याचा उपचार पुढे ढकलू नये.

मग प्रसूती कधी? दिवस भरत आले असतील, साधारण ३४ आठवड्यांच्या पुढे, तर बऱ्याचदा आधी सिझेरियन आणि लगोलग फुग्याचं काम करतात. त्याआधीचे महिने असतील तर फुगा बंद करून गरोदरपण पुढे चालू ठेवतात, बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवतात, आणि लवकर प्रसूतीची शक्यता असेल तर बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला इंजेक्शन देतात. मधल्या परिस्थितीत सगळे डॉक्टर एकत्र बसून ठरवतात. फुगा नीट बंद झाला असेल तर पुढे नैसर्गिक प्रसूतीही होऊ शकते.

ऑपरेशन झालं म्हणजे संपलं असं नसतं. चौथ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत मेंदूच्या वाहिन्या आकसण्याचा धोका असतो. त्यासाठी निमोडिपीन हे औषध नेहमी २१ दिवस देतात आणि आईला अतिदक्षता विभागात ठेवतात. घरच्यांनी दोन-तीन आठवड्यांची तयारी ठेवावी. घरी आल्यावरही थकवा, विसरभोळेपणा, चिडचिड महिनोन्‌महिने राहू शकते. त्यात बाळ लहान. ‘आता तर बरी झाली, आळशीपणा करते’ असं कुणी म्हणत असेल तर त्याला हा परिच्छेद वाचायला द्या.

आज रात्री दहा मिनिटांत करायच्या गोष्टी

- घरातल्या गरोदर बाईच्या आणि तुमच्या फोनमध्ये इमर्जन्सी माहिती भरा.
- १०८, ११२, १५५३८८ आणि आशाताईंचा नंबर सेव्ह करा.
- घराचा प्लस कोड भिंतीवर लावा, ऑफलाइन नकाशा उतरवा.
- कागदांचं फोल्डर करून दोन माणसांच्या फोनमध्ये ठेवा.
- घरात सगळ्यांना एक वाक्य पाठ करायला सांगा: ‘अचानक, आयुष्यात कधी झालं नव्हतं असं डोकं दुखलं, तर सकाळची वाट बघायची नाही.’

यातलं बहुतेक काम दुसऱ्या कुठल्याही संकटातही उपयोगी पडेल, मग तो साप चावणं असो की समुद्रातला अपघात. हा लेख फॅमिली ग्रुपवर टाकाच. पण आधी सेटिंग्ज करा, मग फॉरवर्ड.